पडद्यावरचे तुकोबा, गाथेतले तुकोबा

वारकरी वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटा आणि तुकोबारायांना आठवून पाहा. डोक्याला मुंडासे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, खांद्याला वीणा, हातात चिपळ्या, डोळे अर्धे मिटलेले आणि चेहऱ्यावर एक भोळी शांतता. पुष्कळांना तुकोबा असेच दिसले असतील. आता स्वतःला विचारा, हा चेहरा आपल्याला कुठून मिळाला? तुकोबांच्या काळी छायाचित्र नव्हते. त्यांनी गाथेत आपली जात सांगितली, व्यापार सांगितला, दिवाळे सांगितले, घरातले मरण सांगितले. आपले नाकडोळे कसे होते हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातला हा चेहरा विष्णुपंत पागनीस या नटाचा आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटातला तो चेहरा आहे.

पागनीस संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट आणि भजनात रमणारे गायक. चित्रपटाचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. मुंबईत हा चित्रपट ५७ आठवडे चालला. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनिसांच्या तसबिरी देव्हाऱ्यात गेल्या, त्यांना हार पडले, उदबत्ती लागली. मावळातल्या किती तरी घरांत सप्ताहानिमित्त गेलो असता मी त्या तसबिरी पाहिल्या आहेत. घरमालकाला सांगावे की हा नट आहे, तर तो म्हणे, ‘असू द्या बुवा, आमचे तुकोबा हेच.’ त्याच्या भावात खोट नव्हती. पण त्या उत्तरात एक प्रश्न दडलेला आहे, आणि आजचे निरूपण त्याच प्रश्नाचे आहे. होऊन गेलेला काळ चित्रपटाने दाखवला, तर त्याला आपण काय समजावे?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकायला सोपे जाईल. चित्रपट हा दृष्टान्त आहे, प्रमाण नाही. कीर्तनात या दोहोंना वेगवेगळी जागा आहे. दोरीवर साप भासला, असा दृष्टान्त कीर्तनकार देतो, तेव्हा ती दोरी कोणत्या गावची, असे कुणी विचारीत नाही. दृष्टान्ताचे काम अर्थ उजळून दाखवण्याचे. पण ‘तुकोबा असे म्हणाले’ किंवा ‘तुकोबांच्या आयुष्यात असे घडले’ असे म्हटले, की प्रमाण द्यावे लागते. मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांत एखादा म्हातारा गाथा मुखोद्गत असलेला असतो. चरण चुकला तर तो थांबतो, पाठ चुकला तर नुसता पाहतो, आणि ते पाहणे पुरेसे असते. परंपरेने आपल्याला हा पहारा दिला आहे. चित्रपटगृहात तो नसतो. तिथे अंधार असतो, एकच दिवा असतो, आणि तो दिवा दाखवील तेवढेच दिसते.

आता आपल्या खोऱ्याकडे या. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. कामशेत, इंदुरी करीत ती देहूला येते, आळंदीला माउलींच्या पायाशी जाते, आणि तुळापूरला भीमेला मिळते. खालच्या अंगाला तिच्या काठी गाथा जन्मली, हे प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. वरच्या अंगाला, लोणावळा आणि मळवली यांच्या दरम्यान, देवांची छापील चित्रे आणि पुढे आपला चित्रपट यांची मुळे आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि मुंबई मावळाला जोडली गेली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. मुंबईत प्लेगाने थैमान घातले, आणि पुढे हा छापखाना मळवलीला आला. भाजे आणि कार्ल्याच्या लेण्यांना जाणारे लोक जिथे गाडीतून उतरतात, तेच हे मळवली. नंतर फ्रिट्झ श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो चालवायला घेतला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, असे दगडामागून दगड दाबून एक चित्र पुरे होई. कमळातली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, राम, कृष्ण अशी चित्रे इथून गावोगाव गेली. त्याआधी देवाचे दर्शन घ्यायचे तर देवळात जावे लागे, आणि ज्याला गाभाऱ्यात मज्जाव होता त्याला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे. छापील चित्राने देव त्याच्या झोपडीत नेला. हे काम लहान नव्हते. पण त्याच वेळी देवीचा चेहरा, तिची साडी, तिच्या बोटांची ठेवण सगळीकडे एकसारखी झाली. १९७२ साली त्या छापखान्याला आग लागून तो जळाला. चित्रे मात्र राहिली, भिंतींवर आणि त्याहून जास्त मनात.

याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळके यांनी शिळाछपाईचे काम केले. फाळक्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला, म्हणजे निवृत्तिनाथांच्या समाधीच्या गावी. त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छपाईचा उद्योग मांडला, तो पुढे मुंबईत दादरला गेला. नंतर मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहताना त्यांच्या मनापुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभे राहिले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्या ध्यासातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. १९१७ च्या ‘लंकादहना’त राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायांतले जोडे काढीत, असे जुने लोक सांगत. याचा अर्थ नीट पाहा. आपल्याकडे चित्रपट जन्मला तोच मुळी दर्शन म्हणून. पडद्यावर आपण कुणाची तरी कल्पना पाहत आहोत, हे लक्षात येण्याआधी हात जोडले गेले होते. इतर देशांत लोक पडद्यावरचा राजा पाहून टाळ्या वाजवीत असतील. आपण जोडे काढले. ऐतिहासिक आणि संतचरित्रपर चित्रपटांची ताकद आपल्याकडे एवढी मोठी का, याचे कारण इथे आहे. आणि सावध का राहावे, याचेही.

आता तुकोबांकडे येऊ. त्यांच्या चरित्राला आधार कोणते, हे एका ओळीत लावून पाहा. सर्वांत जवळचा आधार तुकोबांचे स्वतःचे अभंग. संतांनी विचारले म्हणून त्यांनी आपली हकीकत सांगितली, ती गाथेत आहे. त्यांचे वर्ण्य शब्द टिपून ठेवणारे संताजी महाराज जगनाडे; त्यांची समाधी आपल्या मावळातच सुदुंबऱ्याला आहे. दुसरा आधार समकालीनांचा. शिऊरच्या बहिणाबाई देहूला येऊन राहिल्या. मंबाजीने आपल्याला कसा त्रास दिला, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहिले आहे. रामेश्वर भट्ट आधी विरोधक, मग शिष्य; आपण रोज म्हणतो ती तुकोबांची आरती त्यांची. तिसरा आधार महिपतीबुवा ताहराबादकरांचा. ‘भक्तविजय’ १७६२ चा, ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा, म्हणजे तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, संतमुखातून ऐकलेल्या कथा जोडून रचलेले. मग छापील गाथा आली. इंदुप्रकाश छापखान्याची प्रत १८७३ साली पुरी झाली. आणि त्यानंतर ६३ वर्षांनी पडदा. आपल्या मनावर मात्र क्रम उलटा असतो. पडदा सर्वांत वर, आणि तुकोबांचे स्वतःचे शब्द सर्वांत खाली.

पडद्याने काय ठेवले आणि काय सोडले, याची काही उदाहरणे देतो. तुकोबांच्या आयुष्यातला मोठा घाव म्हणजे १६२९–३० च्या सुमाराचा दुष्काळ. त्यात पहिली पत्नी रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. मूल गेले. दुकान बसले. वडिलोपार्जित सावकारीच्या कर्जखतांतला धाकट्या भावाचा, कान्होबांचा, निम्मा वाटा वेगळा काढून आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. प्रभातची कथा या सगळ्याच्या नंतर सुरू होते. प्रेक्षकाला तुकोबा पहिल्यापासूनच विठ्ठलात रंगलेले दिसतात. म्हणून त्याला वाटते, हा स्वभावानेच विरक्त, भोळा, जगाचे भान नसलेला मनुष्य. गाथेतले तुकोबा असे नाहीत. ते हिशोब जाणणारे आहेत, रोखठोक आहेत, ढोंग्याला दोन शब्द सुनावणारे आहेत. ते भुकेतून आणि मरणातून चालत विठ्ठलापाशी आले आहेत. भोळे तुकोबा प्रेमळ वाटतात, पण त्यांच्यापासून आपल्याला धीर कमी मिळतो. ज्याच्या घरात मरण झाले आहे, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, अशा मावळातल्या शेतकऱ्याला दुष्काळ सोसलेले तुकोबा हवे असतात. ते त्याला पडद्यापेक्षा गाथेत लवकर भेटतात.

दुसरे उदाहरण वैऱ्यांचे. मंबाजी, सालोमालो आणि रामेश्वर भट्ट ही परंपरेत तीन वेगळी प्रकरणे आहेत. मंबाजी शेजारचा मत्सरी, सालोमालो दुसऱ्याच्या अभंगावर आपले नाव घालणारे, रामेश्वर भट्ट शास्त्राच्या अभिमानाने विरोध करणारे. चित्रपटाला दोन-अडीच तासांत कथा संपवायची असते, म्हणून त्याने मत्सराचा मोठा भार सालोमालो या एकाच माणसावर घातला. कथेला हे सोपे जाते. पण आपल्या शिकवणीला ते महाग पडते. मत्सर, चोरी आणि विद्येचा अभिमान हे तीन रोग वेगळे आहेत, आणि त्यांची औषधेही वेगळी. विशेषतः विद्येचा अभिमान हा मजसारख्या कीर्तनकारांचा रोग. तो दुसऱ्याच कुणा दुष्ट माणसाचा आहे असे पाहून घरी जाणे आम्हाला फार सोयीचे.

तिसरे उदाहरण शिवाजी महाराजांचे. महाराज कीर्तनाला आले असता शत्रूने वेढा दिला, ही कथा महिपतींनी सांगितली आहे. तिथे पांडुरंग स्वतः महाराजांचे रूप घेतो आणि शत्रूला आपल्या मागे पळवीत दूर नेतो. पडद्यावर ती बदलली. कीर्तनातली माणसेच शत्रूला महाराजांसारखी दिसू लागतात. मूळ कथेत देव भक्ताचे संकट आपल्या अंगावर घेतो. पडद्यावरच्या कथेत महाराजांचे रूप सर्व जनात उमटते. १९३६ हे साल आठवा. स्वातंत्र्याची चळवळ चालू होती. ‘प्रत्येकात शिवाजी जागा व्हावा’ ही त्या काळाची आस होती. माझ्या समजुतीप्रमाणे त्या दृश्यात सतराव्या शतकाइतकेच विसावे शतक बोलते आहे.

आदल्याच वर्षी, १९३५ साली, प्रभातने नाथमहाराजांवर चित्रपट काढला होता. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. नाव ठेवले होते ‘महात्मा’. त्या काळी हा शब्द उच्चारला की लोकांना गांधीजी आठवत. परीक्षण मंडळाने नाव बदलायला लावले, आणि चित्रपट ‘धर्मात्मा’ म्हणून आला. पैठणच्या नाथांची गोष्ट सांगताना अस्पृश्यतानिवारणाचे आपले दिवस बोलत होते, आणि ते इंग्रज सरकारला बरोबर कळले. चित्रपट मागचा काळ दाखवतो तेव्हा स्वतःचाही काळ दाखवीत असतो, हा धडा त्यात आहे. यात वाईट काही नाही. आम्ही कीर्तनकार तरी काय करतो? महिपतींनी तरी काय केले? फक्त ऐकणाऱ्याला कळले पाहिजे की कोणता आवाज कोणाचा.

आता चित्रपटाने जे चांगले केले ते सांगितले नाही तर मी कृतघ्न ठरेन. आवलीचे पाहा. जिजाबाई म्हणा, आवली म्हणा. आम्हा कीर्तनकारांनी या माउलीवर पिढ्यान् पिढ्या अन्याय केला. लोकांना हसवायचे झाले की आवलीला कजाग करायचे, तिच्या तोंडी शिव्या घालायच्या, आणि तुकोबांची शांती उठून दिसावी म्हणून तिला काळा रंग द्यायचा. प्रभातच्या चित्रपटात गौरी या नटीने उभी केलेली आवली भांडते, करवादते, पोर आजारी पडले म्हणून चप्पल हातात घेऊन देवाला जाब विचारायला देवळात जाते. पण घरात काय शिजणार ही चिंताही तीच वाहते, आणि नवरा जेवला नाही म्हणून जीवही तिचाच तुटतो. भंडाऱ्याचा डोंगर भाकरी घेऊन रोज चढणे काय असते, हे इंदुरीच्या बाजूने उन्हात एकदा चढून गेलेल्यालाच कळेल. पडद्याने ते श्रम दाखवले. तिच्यापुढे बसलेल्या बायांना तिच्यात आपली आई दिसली, आणि आपणही दिसलो. त्यानंतर पुष्कळ कीर्तनकारांच्या तोंडी आवलीचा सूर बदलला, असे माझे निरीक्षण आहे. दृष्टान्त असा असावा. त्याने प्रमाणाला धक्का लावला नाही, आणि प्रमाणात जे होते पण आम्ही ऐकत नव्हतो, ते ऐकायला लावले.

आणि हे करणारे कोण होते, तेही पाहा. दामल्यांच्या बरोबरीने या चित्रपटाला रूप देणारे फत्तेलाल मुसलमान होते. याच जोडीने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ केला, त्यात माउली झालेले शाहू मोडक ख्रिस्ती घराण्यातले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संतांच्या मांदियाळीत बसवणाऱ्या आपल्या संप्रदायाला यात नवल वाटू नये. भाव असला की काम होते. जात कुणी विचारली नाही, आणि त्यामुळे काही बिघडलेही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख हाती घेतला, तिच्याकडे येतो. या चित्रपटात ‘आधी बीज एकले’ हे गीत आहे. ते शांताराम आठवले या तरुण कवीने चित्रपटासाठी लिहिले. गीत इतके चपखल उतरले की लोकांना तो तुकोबांचा अभंगच वाटला, आणि जाणत्यांनीही तो गाथेत शोधला, अशी आख्यायिका आहे. आजही सप्ताहात कुणी तरी येऊन म्हणते, ‘बुवा, तुकोबांचा तो बीजाचा अभंग घ्या.’ एकदा एका तरुणाने मला विचारले, गाथेत त्याचा क्रमांक कितवा? मी म्हटले, गाथेत अभंग साडेचार हजारांवर आहेत. सगळे वाच, आणि सापडला तर मला सांग. तो हसला. पण नंतर खरोखर वाचायला बसला.

यात आठवल्यांचा दोष अणुमात्र नाही. त्या गीतात त्यांनी ‘तुका म्हणे’ घातलेले नाही. त्यांनी मुद्रा घातली नाही, ती आपण आपल्या मनाने घातली. आता विचार करा. या चित्रपटातला खलपुरुष सालोमालो. त्याचा अपराध काय? तुकोबांचे शब्द आपल्या नावावर खपवणे. तुकोबांनी स्वतः अभंगांत या सालोमालोंवर कोरडे ओढले आहेत. नाममुद्रा म्हणजे संताची सही. आणि तोच चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या आपण दुसऱ्याचे शब्द तुकोबांच्या नावावर घातले! सालोमालोने केले त्याचे हे उलटे रूप. त्याने लोभाने केले, आपण प्रेमाने करतो. पण प्रेमाने केले म्हणून सही खरी होत नाही. एका गीताने गाथा बुडत नाही, हे मला कळते. मला भीती पुढची आहे. आज मालिकेतले संवाद, चित्रपटातली पदे, मोबाईलवर फिरणारी सुभाषिते, यांच्या शेवटी ‘तुका म्हणे’ जोडले जाते, आणि तरुण कीर्तनकार ती प्रमाण म्हणून म्हणतात. टाळकऱ्यांतला तो म्हातारा आता फार थोड्या फडांवर उरला आहे. एकदा गाथा डोहात टाकली गेली, तेव्हा ती तरली. कुणी म्हणतात इंद्रायणीने वह्या परत दिल्या, कुणी म्हणतात लोकांना पाठ होती म्हणून तरली. वारकऱ्याला या दोन्हींत भांडण दिसत नाही. नदीही देवाची आणि लोकांची जीभही. पण लोकांच्या जिभेवरच जर दुसरे काही बसले, तर पुढच्या वेळी ती कुठून तरणार?

म्हणून चित्रपट पाहूच नका, असे मी म्हणत नाही. बंदी घाला, मोर्चा काढा, असे तर मुळीच नाही. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ काढला. जितेंद्र जोशी तुकोबा झाले. त्यात बालपण आहे, रखमाबाई आहे, दुष्काळ आहे, मंबाजी आहे. जुन्या चित्रपटाने सोडलेले नव्याने उचलले. एकाच संताचे दोन चित्रपट दोन तऱ्हेचे झाले, यातच कळते की दोहोंपैकी कोणताही म्हणजे साक्षात तुकोबा नव्हेत. घरातल्या मुलांना दोन्ही दाखवा, आणि मग विचारा, ‘फरक काय दिसला?’ ती जे सांगतील ते ऐकताना तुम्हालाच गाथा उघडावीशी वाटेल.

हीच गोष्ट आपल्या मावळाची. पडद्यावर मावळा येतो तो नेहमी तलवार उपसलेला. तान्हाजी मालुसऱ्यांवर, सिंहगडावर, प्रभातपासून आजपर्यंत चित्रपट झाले, आणि ते पाहताना छाती फुगते, माझीही. पण मावळा वर्षातले काही महिनेच मोहिमेवर असे. उरलेले महिने तो चिखलात भात लावी, गुरे राखी, आणि एकादशीला टाळ घेई. भाताच्या खाचरातला मावळा पडद्यावर फारसा येत नाही, कारण चिखलणीत नाट्य नाही. तो नव्हता असे मात्र नाही. तुकोबांचे श्रोते तेच होते.

शेवटी वैकुंठगमनाचे सांगतो. कीर्तनकार म्हणतो, ‘तुकोबा वैकुंठाला गेले,’ आणि ज्याची त्याची जशी पात्रता तसे तो ते घेतो. चित्रपटाला हे स्वातंत्र्य नाही. त्याला काही तरी दाखवावेच लागते. प्रभातने गरुडाचे विमान दाखवले, आणि तुकोबा वर जाताना पाहून लोक रडले. त्या अश्रूंची थट्टा मी कधी करणार नाही. पण तिथे पडद्यावर कथा संपते, आणि आपली तिथून सुरू होते. आवली मागे राहिली होती, आणि तिच्या पोटात मूल होते. ते नारायण महाराज. १६८५ साली त्यांनी पादुका पालखीत ठेवून वारीचा पालखी सोहळा सुरू केला. ज्या पालखीमागे आपण चालतो, ती त्या मागे राहिलेल्या बाईच्या पोटी जन्मली. विमान एकदाच गेले. पालखी दर आषाढीला जाते. पडद्यावर डोळे लागलेल्या प्रेक्षकाला विमान दिसते, पायी चालणाऱ्याला पालखी.

तेव्हा वाचकहो, चित्रपट पाहा, रडू आले तर रडा, हात जोडावेसे वाटले तर जोडा. घरी आल्यावर मात्र दोन प्रश्न स्वतःला विचारा. यातल्या कशाला प्रमाण आहे? आणि यात कोण राहून गेले? पहिल्याचे उत्तर गाथेत मिळेल. दुसऱ्यासाठी थोडे चालावे लागेल. शेलारवाडीजवळ घोरवडेश्वराचा डोंगर चढा, इंदुरीहून भंडाऱ्यावर जा, सुदुंबऱ्याला संताजी महाराजांच्या समाधीपाशी बसा. तिथे पडदा नाही, संगीत नाही, वारा तेवढा आहे. गाथा सोबत असू द्या. एखादा अभंग मोठ्याने म्हणा, आणि मुद्रेपर्यंत येऊन थांबा. ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द खऱ्या जागी ऐकले, की चेहऱ्याची अडचण उरत नाही.

रामकृष्णहरि.